श्रीमंत शाकाहारी होणार

३ ऑगस्ट, रविवार
श्रीमंत घरी आले. जात ऑस्कर, रंग काळा, त्यावर शेंदरी पट्टे. चेतगंजला अनिशचे शोभेच्या माशांचे दुकान आहे, त्याने पिशवीत पाणी भरून दिले. हा खातो काय, असे मी तीनदा विचारले. अनिश म्हणाला, दाना खाता है गुरु, एकदम शाकाहारी, आप ही के घर लायक.
टाकी बाहेरच्या खोलीत ठेवली. गंगा चढली आहे, घाटावर श्राद्धाचे काम नाही, त्यामुळे बाबा दिवसभर घरी. टाकी पाहून म्हणाले, पिंड खायला घाटावर मासे कमी पडले का, की एक घरात आणलास? पण फेकून दे म्हणाले नाहीत. म्हणजे परवानगी आहे.
निश्चय : जीव लावायचा नाही. फक्त निगा राखायची.

६ ऑगस्ट
काचेला बोट लावले की श्रीमंत येतात. मला ओळखतात. अवनी म्हणाली, दादा, तो कुणाच्याही बोटाला येतो. तिने लावून दाखवले. आले. पण ते सौजन्य होते. माझ्या वेळी चेहरा वेगळा असतो. धाकट्या बहिणींना हा फरक कळत नाही.

१० ऑगस्ट, सकाळ
पाणी बदलले. श्रीमंत रुसले. तळाशी आडवे पडून आहेत. अनिशला फोन. म्हणाला, ऑस्कर नाराज होता है तो लेट जाता है, मना लीजिए.

१० ऑगस्ट, दुपार
मनवतो आहे. जेवलो नाही. आई म्हणाली, मासा रुसला म्हणून तू उपाशी, उद्या तो शिंकला तर काढा तू घेशील.
मी निगा राखतो आहे. जीव लावणे वेगळे.

१७ ऑगस्ट
घात झाला. बाबांनी दाण्याचा डबा उचलला आणि चष्मा लावला. डब्यावर झिंग्याचे चित्र. मी म्हटले, शोभेसाठी असेल. बाबा म्हणाले, शोभेला कमळ काढतात.
मग बराच वेळ बोलले. पितृपक्षात वाईचे, साताऱ्याचे यजमान याच खोलीत उतरतात. आजोबांच्या वेळेपासून उतरतात. समोर झिंग्याचा डबा दिसला तर पुढच्या वर्षी ते पलीकडच्या गुरुजींकडे उतरतील, आणि मग आपण काय खायचे, तेही झिंगेच का? शेवटी म्हणाले, पौर्णिमेपर्यंत हा शाकाहारी तरी होऊ दे, नाहीतर घराबाहेर जाऊ दे.
बाबा हे रागाने म्हणाले. मी योजना म्हणून स्वीकारले.
अनिशला जाब विचारला. म्हणाला, दाना तो शाकाहारी ही है, झींगा सिर्फ टेस्ट के लिए है.

१९ ऑगस्ट, एकादशी
चांगला दिवस पाहून सुरुवात. डबा गल्लीच्या तोंडाशी टाकून आलो. श्रीमंतांना भिजवलेल्या साबुदाण्याचा एक दाणा दिला. त्यांनी घेतला, तोंडात घोळवला आणि काचेवर थुंकला.
पण घेतला. हे महत्त्वाचे.

२३ ऑगस्ट
सोललेला मटार, उकडून. नाही. काकडी. नाही. पालकाचे पान पाहून उलट बाजूला तोंड केले. मात्र स्वभाव फार शांत झाला आहे. पूर्वीसारखी धावपळ नाही. अवनीला म्हटले, हा सात्त्विक आहाराचा परिणाम. ती म्हणाली, आहार कुठाय? नुसता परिणामच दिसतोय.
पाठशाळा अर्धवट सोडल्यापासून माझ्या बोलण्याला घरात वजन राहिलेले नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
आरतीनंतर नैवेद्याच्या मोदकाचा कण टाकला. प्रसाद कोण नाकारील? श्रीमंतांनी नाकारला. पाणी गढूळ. आईने पाहिले. म्हणाली, प्रसाद थुंकणारा या घरात हा पहिलाच. मी म्हटले, त्याला सारण जास्त गोड झाले असेल.

३० ऑगस्ट
शेंदरी रंग उतरला आहे. एका बाजूला कलून असतात. बोट लावले तर डोळा फिरवतात, येत नाहीत. उजेडामुळे तसे दिसत असेल. पडदा लावला. पडदा लावूनही तसेच दिसले.

३१ ऑगस्ट
ठरवले की नियमाला अपवाद असतो. अनिशकडून सुक्या झिंग्यांची डबी घेतली. कागदात, मग पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत. संकठेच्या देवळापर्यंत आलो. देवीसमोरून नेववेना. दुसऱ्या गल्लीने गेलो, तिथे पलीकडचे सुमंत गुरुजी भेटले. काय आणलंस रे वेणीमाधव, म्हणाले. काही नाही म्हणालो आणि तसाच मागे फिरलो. डबी अनिशला परत दिली. तो म्हणाला, भइया, झींगा है, बम नहीं है.
घरी आलो. श्रीमंत कललेलेच होते. त्यांच्याकडे पाहिले नाही.

२ सप्टेंबर
बाबा टाकीसमोर उभे होते. मी आल्याचे त्यांना कळले नसावे. मग वळून म्हणाले, याला उपास घडवून पुण्य कुणाला मिळणार आहे, वेणू? मी बाहेर काढ म्हटलं होतं. मार म्हटलं नव्हतं.
 

३ सप्टेंबर
अवनीने परस्पर फोन केला. तिच्या मैत्रिणीचे वडील शरदकाका रेल्वेत आहेत, मूळ मालवणचे, घरी माशांची टाकी आहे. मी म्हटले, अगं, त्यांच्या घरी मासे ताटात असतात! काका फोनवर ऐकत होते. हसून म्हणाले, अरे बाबा, आम्ही बाजारातला खातो, ओळखीचा नाही खात.
टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, बादली मांडीवर घेऊन रेल्वे कॉलनीत गेलो. प्रत्येक खड्ड्याला श्रीमंतांची माफी मागितली. टोटोवाला आरशातून पाहत होता.
ही हवापालटाची सोय आहे. पितृपक्ष संपला की परत आणायचे.

४ सप्टेंबर
काकांना फोन. म्हणाले, अरे, बादलीतून टाकीत सोडला आणि पहिला झिंगा हातातूनच घेतला त्यानं!
नव्या घरी नाही कसे म्हणायचे, म्हणून घेतला असेल.

१२ सप्टेंबर
खोलीत यजमान. जिथे टाकी होती तिथे त्यांच्या बॅगा. काकांना फोन केला नाही. काल दोनदा केला होता. काकू म्हणाल्या, बाळ, तो मजेत आहे, तू जेवतोस ना?

२२ सप्टेंबर
पितृपक्ष काल संपला. बादली घेऊन गेलो. श्रीमंत फुगले आहेत. रंग पहिल्याहून गडद. काका टाकीच्या ज्या टोकाला जातात, त्या टोकाला श्रीमंत. मी काचेला बोट लावले. आले नाहीत. जागा बदलून लावले. काकाही ओशाळले. म्हणाले, तू दे की त्याला एक, म्हणजे ओळखेल. आणि डबी पुढे केली.
माझ्या घराण्यात झिंग्याला कुणी हात लावला नसेल. मी लावला. दोन बोटांत धरून पाण्यावर नेला. श्रीमंत आले. घेतला. ओठ बोटाला लागले, जरासेच, खरखरीत. मग वळून काकांच्या बाजूला गेले.
जाताना माझ्याकडे पाहिले असावे. पाठमोरे होते, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.
काकांनी विचारले, नेतोस ना? मी म्हटले, बादली गळते आहे. बादली गळत नाही.
घरी आल्याबरोबर आई म्हणाली, कसला वास येतोय, आधी हात धू. धुतो म्हणालो. अजून धुतलेला नाही. या हाताने वहीला शिवू नये, म्हणून हे डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर फार वाईट येते आहे.