देवाचा खांब

प्रिय बाबा,

हे पत्र मिशनच्या शाळेतले मास्तर तुम्हाला वाचून दाखवतील. मास्तर, मध्येच खाकरून काही गाळू नका. जसं आहे तसं वाचा.

मामांकडे मी बरी आहे. आल्या आल्या मामींनी कंद उकडून वाढला आणि म्हणाल्या, "रडायचं असेल तर जेवून रड." जेवले, पण रडू काही आलं नाही. राग आला, तो अजून उतरलेला नाही.

ओन्वुकाची माणसं ताडीचा घडा घेऊन मला मागणी घालायला आली, तेव्हा इहेमेकाकांनी रीतीप्रमाणे कूळ विचारलं. ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे, सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं होतं म्हणून. "आम्ही ओसू. देवाला वाहिलेले," ओन्वुकाच्या वडिलांनी खाली बघत सांगितलं. काका म्हणाले, "मग देवाकडेच राहायचं, आमच्या चुलीपर्यंत कशाला आलात?" आणि तुम्ही उठून तो घडा दारातच उपडा केलात. ती ताडी ओन्वुकाने स्वतः झाडावर चढून काढली होती.

बाबा, त्यांना ओसू केलं कोणी? वैरी कोयते घेऊन मागे लागले, तेव्हा तो बाप लहानग्या ओन्वुकाला खांद्यावर घेऊन अमाडिओहाच्या देवळात शिरला आणि खांबाला मिठी मारून बसला. पुजारी तुम्हीच होता. दोघांच्या कपाळाला पांढरी माती लावून तुम्ही म्हणालात, "आता हे देवाचे. यांना कोणी हात लावायचा नाही." आईचं बोट धरून मी बघत होते. तुमचा केवढा अभिमान वाटला होता मला. वैऱ्यांनी हात लावला नाही, आणि मग गावानेही कधी लावला नाही. देवाचा बोकड त्यांनी धरलेला चालतो, देवाचं अंगण त्यांनी झाडलेलं चालतं. देवाला चालतात, तर तुम्हाला का चालत नाहीत? देवापेक्षा तुमचं सोवळं मोठं का?

दुसरं स्थळ बघितलंय, मुकाट्याने परत ये, असा तुमचा निरोप मिळाला. येते. पण घरी नाही. ओरियेच्या वारी बाजाराला सगळा गाव जमतो, त्या सकाळी मी देवळात येईन आणि तोच खांब धरीन. खांब धरणाऱ्याला पुजाऱ्याने परत पाठवायचं नाही, ही रीत तुमच्याच तोंडून शिकले. मग मीही ओसू, आणि ओसूने ओसूशी लग्न केलं तर इहेमेकाकांचीसुद्धा हरकत नसते. तुमच्या ताटाला पुन्हा माझा हात लागणार नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पांढरी माती भिजवून ठेवा.

बाजाराच्या दिवसापर्यंत तुमचीच,
उरीदिया