उघड्या दाराची उंची

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय,
(खिडकी क्र. ४ च्या मागची खोली)

विषय : माझ्या इस्टेट गाडीची उंची, ती आहे तेवढीच नोंदवून मिळणेबाबत.
संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) आपले पत्र, "फेरतपासणीत उंची जुळली."

महोदय,

१. मी पत्र्याचा कारागीर आहे. गेली एकतीस वर्षे जुन्या ब्रिटिश सलून, मागे वेगळी डिकी असणाऱ्या, गाड्यांच्या इस्टेट करून देतो. म्हणजे डिकी कापायची, छत मागच्या टोकापर्यंत न्यायचे, बाजूंना काचा बसवायच्या आणि मागे वर उघडणारे दार लावायचे. छताला लागणारा पत्रा तशाच दुसऱ्या मोडीतल्या गाडीच्या छताचा घेतो, कारण ती गोलाई हातोडीने येत नाही. सांधा कुठे आहे हे बोटांनी चाचपूनही आजवर कुणाला सापडलेले नाही. सांगायचे कारण एवढेच, की मापात माझी चूक होत नाही.

२. कुणाला कुत्री न्यायची असत, कुणाला शिडी. शेवटची गाडी तेवढी घरासाठी केली. माझ्या पत्नीला मणक्याच्या दुखण्यामुळे बसता येत नाही. आठवड्यातून दोनदा उपचारांसाठी तिला आडवे झोपवून न्यावे लागते. आतली सपाट जागा सहा फूट दोन इंच, पत्नी पाच फूट एक इंच. उरलेल्या जागेत तिची पिशवी आणि तिचा राग मावतो. छताला आतून राखाडी कापड होते, ते बघून तिने नाक मुरडले. पिवळे लावले.

३. गाडीची उंची बरोबर पाच फूट आहे. तपासणीला आपले निरीक्षक आले आणि नेमका पाऊस आला. मी माणुसकी म्हणून मागचे दार वर करून साहेबांना त्याखाली घेतले. साहेबांनी तिथेच उभे राहून जमिनीपासून दाराच्या टोकापर्यंत फीत धरली आणि सहा फूट अकरा इंच लिहिले. दार बंद करून मोजावे, असे मी सुचवले. तसे केल्यास आपण भिजू, असे त्यांचे म्हणणे पडले.

४. उपचार केंद्राच्या दारासमोर छप्पर आहे. त्याखाली साडेसहा फुटांवरच्या गाड्यांना मनाई आहे. तिथला पहारेकरी नोंदणीपुस्तक वाचतो. गाडी त्याच्या खांद्याला लागत असते, तरी डोळ्यांवर नोकरी चालत नाही, असे तो म्हणतो. त्यामुळे पत्नीला फाटकावर उतरवून दीडशे पावले खडीवरून स्ट्रेचरवर न्यावे लागते. प्रत्येक हिसका तिच्या पाठीत जातो. मी तिच्या तोंडाकडे बघत नाही. बघितले की थांबावेसे वाटते, आणि स्ट्रेचरचे एक टोक माझ्याच हातात असते.

५. चार अर्जांनंतर फेरतपासणी झाली. दुसऱ्या निरीक्षकांनी दार बंद करून मोजले. पाच फूट भरले. पुस्तकाशी जुळेना. मग साहेब दार थोडे थोडे वर करत गेले, सहा अकरा भरल्यावर थांबले आणि "जुळली" असा शेरा मारला. मी कपाळाला हात लावला. पुढच्याच आठवड्यात नोटीस आली की गाडी नोंदीपेक्षा एक फूट अकरा इंच कमी उंचीने रस्त्यावर चालवल्याचा खुलासा करावा. काय डोंबल खुलासा करू, साहेब? दार उघडे ठेवून चालवू? बायको रस्त्यावर घरंगळेल.

६. आपल्या कार्यालयातील एका कारकुनांनी चांगल्या मनाने सुचवले की गाडीची पुन्हा सलून करा, म्हणजे जुनी उंची आपोआप लागेल. कापलेल्या डिकीचे झाकण अजून माझ्याकडे भिंतीला टांगलेले आहे. रविवारी ते खाली काढले आणि खडू घेऊन गाडीपाशी उभा राहिलो. स्वतःच्या कामावर कापायची रेघ ओढायला हात धजेना. खाटेवरून पत्नी सर्व बघत होती. "काप," म्हणाली, "फक्त मला कुठे ठेवणार तेवढे आधी सांग." मी झाकण परत टांगले.

७. सबब, येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी गाडी आपल्या आवारात आणत आहे. आत पत्नी असेल आणि दार बंद असेल. आपण स्वतः येऊन मोजावे. सहा अकरा जुळवण्यासाठी दार उघडणे भागच असेल तर आपल्याच हाताने उघडावे, आणि जो आकडा भरेल तो पुस्तकात लिहिण्याआधी तिला सांगावा. तिला ऐकू चांगले येते.

पाऊस असल्यास छत्री मी धरीन.

आपला, अजून तरी नम्र,

(सही)
पत्रेकाम कारागीर
दिनांक : ११ ऑगस्ट

सोबत :
१) गाडीचे दोन फोटो, दार बंद असताना.
२) पत्नीला बसता येत नाही, असे डॉक्टरांचे पत्र.
३) मोजण्याची फीत, एक नग. परत नको.