डी ड्राइव्हच्या खालचा हात

अप्पा, डी ड्राइव्हच्या चित्राखालचा तो तळहात तुम्हाला कधी दिसला होता का? याचं उत्तर मला माहीत नाही, आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर ते सांगणारंही कुणी उरलेलं नाही. दुकानातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवरची एखादी गोष्ट दुसऱ्या कॉम्प्युटरला उघडी करून दिली की तिच्या चित्राखाली एक छोटा हात येतो, ताट पुढं केल्यासारखा. दुकानातल्या कॉम्प्युटरला मी हात लावायचा नाही असा तुमचा नियम होता. मी घरातल्या कॉम्प्युटरवर बसायचे, म्हणून तो हात मी कधी पाहिला नव्हता. महिन्यापूर्वी एका रविवारी दुपारी पाहिला. तुम्ही तर त्या पडद्यासमोर रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसत होता.

हायवेवरचं आपलं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आई आता एका मोबाइलवाल्याला देते आहे. ती म्हणाली, "तुझ्या बापाचं ते डबडं आधी काढ तिथून. भंगारवाला आला की देऊन टाकते." मी म्हणाले, त्यात अप्पांनी लिहिलेले अर्ज आहेत. "लोकांचे अर्ज," आई म्हणाली, "आपलं काय हाय त्यात?" तिला काय सांगणार? मी अंबडला बायकांना कॉम्प्युटर शिकवते, अप्पा. घरातली पहिली पदवी माझी, आणि ती मिळाल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं, की दहावी शिकलेला एक माणूस वडीगोद्रीच्या रस्त्यावर बसून, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी किती नेटकं लिहायचा, हे माझ्या बायकांना वाचून दाखवायचं. त्यासाठी मला तुमचे अर्ज माझ्या लॅपटॉपवर आणायचे होते. असं मी स्वतःलाही सांगत होते.

लॅपटॉप तुमच्या टेबलावर मांडला, दोघांच्या मधे राउटर ठेवला, केबल जोडली. पण लॅपटॉपला तुमचा कॉम्प्युटर दिसेचना. दोघं एकाच टेबलावर, एका तारेनं बांधलेले, आणि एकमेकांना ओळख देत नाहीत. मोबाइलवर शोधून वाचलं तेव्हा कळलं की जुन्यांची आपसात बोलायची जी पद्धत होती ती आता धोक्याची मानतात आणि नव्या मशीनमध्ये बंदच ठेवतात. मी इंटरनेट तोडलं, लॅपटॉपवर ती जुनी पद्धत तेवढ्यापुरती चालू केली, दोघांच्या ग्रुपचं नाव सारखं केलं. ते नाव बघायला तुमच्या पडद्यावर गेले, तेव्हा डीच्या खालचा तो हात दिसला, आणि मी तुमच्या खुर्चीत तशीच बसून राहिले.

मी आठवीत गेले तेव्हा तुम्ही घरात माझ्यासाठी कॉम्प्युटर आणलात. अंबडच्या एका मास्तरांनी वापरलेला, पण दुकानातल्यापेक्षा नवा. दुकानाच्या मागच्या खिडकीतून, अंगणातल्या लिंबावरून, स्वयंपाकघराच्या झरोक्यातून केबल घरात आली. दुकानातलं झेरॉक्सचं मशीन बघणारे काका, तुमचे पाठचे भाऊ, झाडावर चढून ती फांदीला बांधत होते. "दादा, कावळ्यानं चोच मारली तर पोरीचा भूगोल कावळ्याच्या पोटात जाईल बरं का!" आई खालून म्हणत होती, "आता माझ्या डोक्यावर वायरी लोंबू द्या." आणि तुम्ही खुशीत होता. "पोरगी घरातून पाठवंल, दुकानात छापून निघंल. मधी कुणी चालायचं न्हाई." माझ्या शाळेच्या कामाचं एक फोल्डर तुम्ही डीमध्ये केलं होतं आणि तेवढंच घरच्या कॉम्प्युटरला उघडं करायचं होतं. पण तुम्ही फोल्डरऐवजी डीवरच क्लिक केलंत. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. त्या एका दिवशी तुम्ही मला दुकानात बोलावलंत. "माय, हे काय म्हणून राह्यलंय बघ बरं." मी वाचलं. धोका आहे एवढं कळलं, कशाचा ते कळलं नाही. आणि नव्यानं इंग्रजी येणाऱ्या मुलीच्या तोऱ्यात मी म्हणाले, "काही नाही अप्पा, पुढं जा म्हणतंय." तुम्ही पुढं गेलात. मी घरातल्या पडद्यावर काय दिसतं ते बघायला पळाले.

घरात सगळं दिसत होतं. माझं फोल्डर, त्याच्या शेजारी लग्नपत्रिका, आणि महिन्यांच्या नावानं लावलेले तुमचे अर्ज. मी तुम्हाला सांगितलं नाही. दुपारी शाळेतून आले की एकेक उघडून वाचायचे. विहिरीचे, रेशन कार्डाचे, पेन्शनचे. मला ते फार आवडायचे, अप्पा. तुम्ही माणसांचं गाऱ्हाणं असं लिहायचा की ते माणूस समोर येऊन उभं राहायचं.

मग एके दिवशी त्या बाईंचा अर्ज वाचला. वस्तीवरच्या, दोन लेकरांच्या. नवरा मारतो, वेगळं राहायचं आहे, माहेरी आणि सासरी कुणाला कळण्याआधी मदत मिळावी, असं त्यात होतं. मला इतका राग आला की रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात शेजारच्या मुलीला मी ते सगळं सांगितलं, नावासकट. चहाडी करायची म्हणून नाही. असं कुणाला मारतात याचा संताप कुणाला तरी सांगायचा होता म्हणून. ती मुलगी त्या बाईंच्या सासरच्या नात्यातली आहे हे मला ठाऊक नव्हतं. अर्जावर अंगठा व्हायच्या आत सासरच्यांनी त्या बाईंना ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर बसवून नेलं. तेव्हा त्यांची आई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. वर चढली नाही. "भाऊ, कागुद तुमच्या टेबलावर व्हता. मंग त्याचा बोभाटा वस्तीवर कसा झाला?"

ती म्हातारी गेल्यावरचं सगळं मला अजून समोर दिसतं. तुम्ही उभे आहात. काका झेरॉक्सच्या मशीनपाशी आहेत, हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा. मी आतल्या दारात, हातात भूगोलाची वही. "या कॉम्प्युटरला हात दोघांचाच. तुझा अन् माझा," तुम्ही म्हणता. "दादा, देवाची आन, म्या तो कागुद वाचला बी न्हाई." "मंग काय भिंतीनं वाचला?" काका हसल्यासारखं करतात, कारण तुम्ही कधी असं बोलत नाही, त्यांना वाटतं ही थट्टा आहे. मग तुमचं तोंड बघून त्यांचं हसू जातं. तुम्ही माझ्याकडे वळून बघता. किती वेळ, ते मला आता नक्की सांगता येत नाही. आणि म्हणता, "जा माय. तू आत जा." मी आत गेले. तेरा वर्षांची होते, हे मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला बोलता येतं.

काका आठवड्याभरात जालन्याला निघून गेले. दीड वर्षानं तुम्ही गेलात, दुकानात, खुर्चीतच. मुलगा नाही म्हणून मडकं धरून पुढं चालायचा मान पाठच्या भावाचा होता. काका जालन्याहून आल्ते, अंगणात लिंबाखाली अनवाणी उभे होते. लोक त्यांना पुढं बोलवायला लागले, तेव्हा आई घरातून म्हणाली, "त्यांनी न्हाई धरायचं. भावाचा भरवसा ज्यानं इकला, त्याचा हात लागायचा न्हाई." तुमच्या चुलतभावानं मडकं धरलं. काका सगळ्यांच्या मागून चालत गेले आणि स्मशानातूनच जालन्याला परतले. मी आईच्या शेजारी बसले होते, अप्पा. माझा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता. एक वाक्य बोलायचं होतं.

हे सगळं माझ्याजवळ होतंच, अकरा वर्षं. त्या रविवारी त्यात भर पडली. लॅपटॉपवर तुमचे अर्ज उघडले तर अक्षरं मोडलेली आली. जुना फॉन्ट तुमच्याच मशीनमधून उचलून आणला, तेव्हा ती सरळ झाली. ती म्हातारी येऊन गेल्यापासून मी ते अर्ज पुन्हा कधी उघडले नव्हते; आता महिन्यांमागून महिने बघत गेले. त्या बाईंचा अर्ज होता. त्यानंतर एकही नाही. लग्नपत्रिका आहेत, तेराव्याच्या पत्रिका आहेत, माझं विज्ञानाचं जर्नल आहे, पण अर्ज नाही. आधी वाटलं, लोक यायचे थांबले असतील. आईला विचारलं. ती म्हणाली, "थांबतात कशाचे? मरायच्या आदल्या दिवशी बी दोन अर्ज लिहिले त्यांनी." म्हणजे तुम्ही लिहीत होता, छापत होता, आणि न ठेवता पुसून टाकत होता. काका तर तेव्हा जालन्याला गेल्ते. दुकानात तुमच्याशिवाय कुणीच नव्हतं. मग ते कागद तुम्ही कुणापासून राखत होता, अप्पा?

त्या खुर्चीत बसून मी दोन्ही बाजूंनी विचार केला. एकदा बोभाटा झाल्यावर साधा माणूस अशी काळजी घेईलच, त्यात हाताचा काही संबंध नाही, तो हात तुम्हाला कॉम्प्युटरचं एखादं नक्षीकाम वाटला असेल. हे खरं असू शकतं. पण तुम्हाला तो दिसला असेल तर? केबल काढून टाकली असती, डी बंद केला असता, तर मला कळलं असतं की तुम्हाला कळलं आहे. म्हणून तुम्ही काहीच बंद केलं नाही. डी तसाच उघडा ठेवलात आणि त्यात दुसऱ्यांची गाऱ्हाणी ठेवायची थांबवलीत, माझं जर्नल मात्र राहू दिलंत. आणि मला वाचवण्यासाठी पाठच्या भावाला तसंच जाऊ दिलंत. कोणत्या अप्पांसाठी रडायचं, हे मला अजून ठरवता येत नाही. माझ्या बायकांना वाचून दाखवायचे होते ते अप्पा तर कुठेच राहिले नाहीत.

अर्ज मी ठेवले नाहीत. ज्यांचे होते त्यांनी ते तुमच्या टेबलापुरते दिले होते. दोन्हीकडून पुसले, तुमच्या मशीनची डिस्क काढून हातोडीनं फोडली आणि मग भंगारवाल्याला दिलं. त्या बाई आता केदारखेड्याकडे राहतात असं ऐकते. त्यांच्यापर्यंत जायचं आहे. अजून गेलेले नाही, धीर होत नाही. आईला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून काकांचा पत्ता एका कागदावर कुणाकडून तरी लिहून आणून माझ्या पर्सवर ठेवला.

काल जालन्याला गेले. कोर्टासमोर काकांची झेरॉक्सची टपरी आहे. केस पांढरे झालेत, पण मला लांबून ओळखलं. "या, पदवीधर बाई! थांब, खुर्ची पुसतो, न्हाईतर म्हणशील काकाकडं बसायला बी जागा न्हाई. पास झाली म्हणं तू. पेढा इकडचा रस्ता चुकला व्हय?" मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. केबल, डी, वर्गातली मुलगी, दारातली मी, अंगणातली मी. त्यांच्या मशीनमधून कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती निघत होत्या, त्या निघत राहिल्या. संपल्या तेव्हा काकांनी त्या जुळवल्या, टाचणी लावली, गिऱ्हाइकाला दिल्या. मग म्हणाले, "लहान व्हतीस, ते कळतंय मला. दुकानातलं जाऊ दे. पण त्या दिवशी बोलायला पायजे व्हतं, पोरी. माझा भाऊ पुढं चालला व्हता अन् मी मागं व्हतो." मी हो म्हणाले. माफी मागायची म्हणून गेले होते, पण त्यानंतर तो शब्द तोंडातून निघाला नाही.

मी निघाले तेव्हा ते स्टँडपर्यंत सोबत आले. अंबडची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवला आणि त्यांनी विचारलं, अगदी हळू, दुसरीकडे बघत. "दादाला ठाऊक व्हतं का गं? ते म्या केलं न्हाई, हे?"

मी तुमच्या उत्तरासाठी थांबले नाही, अप्पा. विचारही केला नाही. "नाही," म्हणाले. "शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही. नक्की सांगते." काकांनी मान हलवली, रुमालानं तोंड पुसलं. "मंग बरं," म्हणाले. "मंग बरं झालं." आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या खिडकीखाली उभे राहिले.