उजव्या पायाचं वळण

३० नोव्हेंबर, रविवार

चार महिने इथे एक अक्षर लिहिलं नाही. माफ कर. कारण सांगताना हसू येतं — चव्वेचाळिसाव्या वर्षी मी चाकांच्या बुटांवर गिरक्या घ्यायला शिकते आहे. जमलं की लिहू, असं ठरवलं होतं. अजून जमलेलं नाही. पण न जमलेलंही लिहायला हवं, नाहीतर ही वही खोटी व्हायची.

पहाटे सहा ते सात. रहाटणीहून गाडीवर दिघीला, बागेतल्या स्केटिंगच्या रिंकवर. मोठ्यांच्या तुकडीत पाच जण होतो, उरलो दोघं — मी आणि बँकेतले बुद्धरत्न. शिकवते जिकरा. तेवीस वर्षांची. नऊला वडिलांच्या बेअरिंगच्या दुकानात जाऊन बसते. त्याआधीचा हा तास तेवढा तिचा. ‘शैलाताई, खाली बघू नका. फरशी कुठं पळून जात नाही.’

३ डिसेंबर, बुधवार

वळण असं असतं : एका पायावर वाकत्या रेघेत पुढे जायचं, मधेच त्याच पायावर उलटं व्हायचं आणि पाठमोरं जात राहायचं. दुसरा पाय अधांतरी. टेकवायचा नाही. जिकरा दोन्ही बुटांना खडू चोळते. नीट झालं तर फरशीवर तीनच्या आकड्यासारखी रेघ उमटते. पाय टेकला की शेजारी ठिपका. डाव्या पायाचे तीन आता सुबक येतात. उजव्याचे ठिपक्यासकट.

पण उलटं होण्याचा तो क्षण! समोरचं सगळं दूर जायला लागतं — कडुनिंब, बाकावरची माझी पिशवी, लष्कराच्या कुंपणामागचं धुकं. लहान लहान होत जातं. मी कुठे चाललेय ते मला दिसत नाही. भीती वाटायला हवी, वाटत नाही. असं निर्धास्त मागे मागे जाणं याआधी कधी जमलं होतं? बहुतेक झोळीत असताना.

७ डिसेंबर, रविवार

यशवंतराव आले होते. निवृत्त पी.टी. मास्तर. रिंकच्या वेळा तेच ठरवतात, परीक्षाही तेच घेतात. म्हणाले, ‘पुढच्या रविवारी परीक्षा. गिरकी आणि दोन्ही पायांची वळणं, पाय न टेकवता. मोठ्यांपैकी एक जण तरी पास पाहिजे. नाहीतर जानेवारीपासून हा तास मुलांच्या शर्यतीच्या सरावाला.’

जिकरा ‘हो सर’ म्हणाली आणि आधीच घट्ट असलेली बुटाची नाडी पुन्हा आवळत बसली.

९ डिसेंबर, मंगळवार

आज गिरकीत पाच फेऱ्या. दिवसभर टेबल, डबा, माणसं किंचित फिरत होती. छान वाटलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

भोसरीत कंपनीत माझं काम शाफ्ट, म्हणजे यंत्रांचे गोल दांडे, तपासण्याचं. दोन टोकांत धरून फिरवायचा आणि मापाचा काटा बघायचा; हलला की नग वाकडा. चांगला शाफ्ट फिरताना थांबल्यासारखा दिसतो. आज एक बराच वेळ फिरवत राहिले, उगाच. गिरकीत मीही अशी दिसेन का — थांबल्यासारखी?

भीमराजने लेथवर केलेल्या अकरा नगांना काटा हलला. परत पाठवले. ‘मॅडम, केसाएवढा तर फरक हाय. कुणाला दिसतोय?’

‘मला दिसला ना.’

फार तोऱ्यात म्हणाले का? बहुतेक हो.

१४ डिसेंबर, रविवार

पास.

एवढंच लिहून वही मिटली होती. पुन्हा उघडली.

बुद्धरत्न पहिल्याच वळणाला घसरून खाली बसले. बसल्या जागेवरून म्हणाले, ‘सर, माझं खातं बंद समजा.’ मग मी. यशवंतरावांना धूळ चालत नाही, म्हणून खडू नव्हता. गिरकी स्वप्नात घेतल्यासारखी झाली. कडुनिंबांचं एकच हिरवं कडं झालं आणि मी त्याच्या मधोमध. डावं वळण नीट. उजव्या वळणाला डाव्या बुटाचं पुढचं रबर फरशीला लागलं. पीस टेकावं तितकंच. पण लागलं.

यशवंतरावांनी कागदावर ‘पास’ लिहिलं. जिकराने मिठी मारली, रडत होती. तिच्या खांद्यावरून मला फरशीवरचा काळा डाग दिसत होता. तांदळाएवढा.

मी काही बोलले नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सांगायचं ठरवून गेले. यशवंतराव होते. पण डाग नव्हता. तेवढीच जागा घासलेली, ओलसर. म्हणजे कुणाला तरी माहीत आहे. जिकरा? तिला विचारलं नाही. यशवंतरावांना सांगितलंही नाही. आता पुरावाच नाही, तर काय सांगायचं — हे माझ्या मनात आलं. आलं, म्हणून इथे नोंदवते.

१६ डिसेंबर, मंगळवार

जिकराला विचारलं. ‘कुठला डाग?’ तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. ती कितीतरी वेळ फडक्याने चाकं पुसत राहिली.

‘मी बघितलंच नव्हतं, ताई. मला कशाला सांगितलं?’

कंपनीत एक नग परत पाठवण्याआधी पुन्हा दोनदा फिरवून बघितला.

१७ डिसेंबर, बुधवार

यशवंतरावांना सांगितलं. ते बाकावर बसून ऐकत होते.

‘टेकला होता. मी बघितलं, आणि मगच लिहिलं.’

डागही त्यांनीच पुसला होता. ओल्या रुमालाने, सत्तरीत गुडघे टेकून. ‘ती पोर तीन वर्षं थंडीवाऱ्यात येतेय. तुमचा पाय टेकला तांदळाएवढा. मी दोन्ही तोलून बघितलं.’ मग त्यांनी खिशातून कागद काढला. ‘तुम्ही बोलला नसता तर चाललं असतं. आता माझ्या कानावर आलं.’

त्यांनी माझी ओळ खोडली.

जिकरा शेजारीच उभी होती. तिने बूट काढले, पिशवीत भरले आणि गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

बरोबर केलं का मी? हो. कुणासाठी? ते लिहवत नाही. माझं पान स्वच्छ राहावं म्हणून एका मुलीची सकाळ गेली असेल, तर त्याला काय म्हणायचं?

१९ डिसेंबर, शुक्रवार

जिकरा कालही नाही, आजही नाही. एकटीच वळत राहिले. पाठमोरं जाताना आज पहिल्यांदा भीती वाटली.

२० डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी जिकराचा फोन. ‘ताई, सरांच्या घरी जाऊन आले. म्हटलं, डिसेंबर अजून संपला नाही. उद्या सातला ते परत बघणार आहेत. आणि पाय टेकला ना, तर ह्या वेळी मी सांगणार. तुमच्या आधी.’

उद्या : खडू नेणे.