शेठच्या हळदीला मी खरं गायले

आये, हे तुझी पणती लिहून घेतेय. मी बोलते आणि ती लिहिते, आणि मला न विचारता माझं बोलणं सरळ करत जाते. मी ‘मना’ म्हटलं की ती ‘मला’ लिहिते. मला अक्षर कळत नाही, पण तिचं तोंड कळतं. सरळ करताना ती ओठ दाबून हसते. करू दे. उजवं मनगट मोडलं होतं तिचं. आता जुळलंय, तरी जास्त लिहिलं की चोळत बसते, म्हणून हे आम्ही थोडं थोडं करतो, दुपारच्याला, स्वैपाकघरात. मी वाल सोलते आणि ती ओट्याला टेकून लिहिते. तुला वाचता येत नव्हतं, मलाही येत नाही. आपल्यात शिकलेली ही एकटी, आणि तिलाच शाळेनं काढलं, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं माझ्या स्वभावावर ढकलणार नाहीस.

तू ठाण्याच्या खाडीवर मिठागरात हाडं झिजवलीस आणि मला डोंबिवलीकडच्या या गावात दिलंस, तेव्हा इथे भातच भात होता. आता त्या भातावर बिल्डिंगा आहेत आणि आमच्या गावच्या शेठची इंग्लिश शाळा आहे. शेठ म्हणजे कुणी बाहेरचा नाही. शेंबडा होता तेव्हापासून मी त्याला बघतेय, त्याच्या लग्नाला धवले मीच गायले. हळदीपासून अक्षतांपर्यंत धवलारीण लग्नाची गाणी, म्हणजे धवले, गाणार तेव्हा आमच्यात लग्न लागतं, हे पणतीच्या मैत्रिणींना समजावून सांगावं लागतं. तुला काय सांगू, तूच मला शिकवलंस, मिठाच्या वाफ्यावर फळी ओढता ओढता, एक ओळ तू आणि एक ओळ मी. तुझं लाल लुगडं अजून माझ्याकडे आहे. मी धवल्याला बसले की तेच नेसते. काठ विरलेत, पण बायका माझ्या तोंडाकडे बघतात, काठाकडे नाही.

तर शाळेत कबड्डीला एक सर ठेवलेला. शिट्टीच्या दोरीनं पोरींच्या पोटऱ्यांवर मारायचा. पाणी मागितलं की उन्हात मैदानाला फेरी. आपल्या पोरीच्या पायाला तेल लावताना मी वळ बघितले आणि विचारलं, तर म्हणते, “आजी, खेळात लागतंच.” मी म्हटलं, “खेळात पुढून लागतं गो, हे मागून लागलंय.” तिनं पाय ओढून घेतला. तिला संघात राहायचं होतं. मग एक दिवस ती अंगात ताप घेऊन गेली. सरांना सांगितलं, बरं नाही. तो म्हणाला, नाटकं बंद. पकड कशी करायची ते दाखवतो म्हणून त्यानं स्वतः तिचा हात पिरगळला आणि तिला आपटलं. मनगट मोडलं. रडते म्हणून तिला कडेला बसवून ठेवलं आणि सराव संपल्यावरच सोडलं. संघातल्या पोरी बघत होत्या. पोरींना न्यायला आलेल्या आया फाटकाच्या गजांतून बघत होत्या. त्यांतली एकही आत गेली नाही. सगळ्यांच्या पोरींना संघात राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी माझा मुलगा, सून आणि मी शाळेत गेलो. सून ठाण्याला बँकेत आहे, नीट बोलते, रागात असली तरी ‘कृपया’ म्हणते. मोठ्या बाई बसलेल्या, शेजारी शेठ बसलेला. आणखी दोन खुर्च्या होत्या, त्यांवर फायली. त्या कुणी उचलल्या नाहीत. माझे गुडघे तुला माहीत नाहीत, तुझ्यानंतर बिघडलेत. मी टेबलाला धरून उभी राहिले. बाई म्हणाल्या, “सर आमचे नाहीतच. एजन्सीकडून येतात. त्यांच्या वागण्याला शाळा जबाबदार नाही.” सुनेनं कृपया म्हणायच्या आत मी विचारलं, “मैदान कुणाचं?” म्हणाल्या, शाळेचं. “शिट्टी?” शाळेची. “खेळाची फी कोण घेतं?” शाळाच घेते, आजी. “मग हात मोडला तेवढा एजन्सीचा होय?” शेठ हसला. म्हणाला, “काकी, तुमी घरी जावा. या गोष्टी तुमच्या नाहीत.”

आम्ही तक्रार लिहून दिली. म्हणजे सुनेनं लिहिली, मी अंगठ्याला तयार होते, पण कुणी मागितला नाही. त्यानंतर काय काय झालं बघ. पोरीला संघातून काढलं, तिचा हात प्लास्टरमध्ये असताना, म्हणजे ती खेळणारच नव्हती तरी काढलं. शाळेची गाडी आमच्या गल्लीत यायची बंद झाली, म्हणे वळायला जागा नाही. इतकी वर्षं वळत होती. आईबापांचा मोबाईलवर ग्रुप असतो, त्यात शाळेनं घातलं की काही कुटुंबं शाळेची बदनामी करतायत, त्यांच्याशी बोलताना विचार करा. सगळ्यांनी विचार केला. वाण्याकडे भेटणाऱ्या आया रस्ता बदलायला लागल्या. सुनेनं एकीला गाठून विचारलं, “तुम्ही बघितलंय, सांगाल ना?” ती म्हणाली, “मी फाटकाबाहेर होते हो, लांबून काय दिसतं.” शेवटी घरी दाखला आला. न मागता. पोरीचं वर्तन समाधानकारक नाही. तिनं तो मला वाचून दाखवला आणि विचारलं, “आजी, मी काय केलं?” आये, मी वाल सोलत राहिले.

आणि मग शेठच्या मुलाचं लग्न ठरलं. शेठची बायको नारळ आणि सुपारी घेऊन दारात. आमच्या पाच गावांत धवले येणारी आता मी एकटीच उरलेय, आणि धवल्याशिवाय हळद लावायला तिची सासू तयार नव्हती. म्हणते, “काकी, शालेचं ते शालेत, मांडवाचं मांडवात. मनात नका ठेऊ.” मुलगा आतून खाकरला. सून पाणी घेऊन आली ती ग्लास आपटून गेली. मी नारळ घेतला. ती गेल्यावर मुलगा म्हणाला, “आई, तुला लाज कशी वाटत नाही?” मी म्हटलं, “तू लुगड्याला इस्त्री करून आण.”

आता तुझ्याशी भांडायचंय. आठवतं तुला, मुकादमाच्या पोरीची हळद? मी तेव्हा आपल्या या पोरीएवढी. बाया हळद कांडतायत, तू घरच्यांची थट्टा गातेयस, ते गायची रीतच आहे. मुकादम ताटभर मासे खातो नि बायकोला काटे ठेवतो, असलं सगळं खोटं खोटं. बाया तुझी ओळ उचलतायत, हसतायत, मुकादमही हसतोय. आणि मी मधेच गायले की मुकादम बायांना काठीनं मारतो. तेवढंच खरं होतं. एकीनंही ओळ उचलली नाही. तू मला उखळापासून ओढून पडवीत नेलंस, थोबाडीत दिलीस आणि म्हणालीस, “थट्टेत खोटंच गावं. खरं गायलं की ते भांडण.” मला त्याच्या पाया पडायला लावलंस. का, तर काम जाऊ नये म्हणून. आणि पुढच्या हंगामात त्यानं आपल्याला कामावर घेतलं नाही ते नाहीच. मी पाया पडले होते तरी. त्यावर तू कधी एक शब्द बोलली नाहीस, आणि मीही विचारलं नाही. पण तुझा नियम मी पाळला. शेकडो हळदी गायले, सगळ्या खोट्या.

शेठच्या दारात मांडव एवढा की आत बिल्डिंग मावेल. भर दुपार, एका बाजूला डीजेवाला खोकी उतरवतोय, आणि मधे उखळाभोवती गावच्या बाया. फाटकाबाहेरच्या आया त्यातच, नटून. शाळेच्या मोठ्या बाईही आल्यात, त्यांना मानाची खुर्ची. शेठ नव्या सदऱ्यात मिरवतोय. कांडप सुरू झालं आणि मी आधी नियमानं गायले. शेठ एकटा बोकड खातो गो बाय. शेठ बायकोला भिऊन माळ्यावर निजतो गो बाय. बाया ओळ उचलतायत, मुसळ पडतंय, शेठची बायको डोळे पुसून हसतेय, पोरं मोबाईल धरून शूटिंग करतायत. आपल्याकडे धवलारीण गाते ती ओळ सगळ्यांनी उचलायचीच, न उचललेली ओळ म्हणजे नवरानवरीला अपशकुन, हे तूच मला शिकवलेलं. मुकादमाच्या दारी मी पोर होते, म्हणून बायांनी अपशकुन मानला नाही. आता मी पोर नव्हते. सगळ्या लयीत आल्या आणि त्याच चालीवर मी विचारलं:

मैदान कुणाचं गो बाय, मैदान कुणाचं?
मैदान शेठचं गो बाय, मैदान शेठचं.

उचलली. हसत हसत उचलली, त्यात काय, मैदान शेठचंच आहे.

शिट्टी कुणाची गो बाय, शिट्टी कुणाची?
शिट्टी शेठची गो बाय, शिट्टी शेठची.

इथे मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांना चाल कळत नव्हती, पण प्रश्न ओळखीचे होते. शेठची बायको अजून हसतच होती. मी फी गायले, ती पण उचलली, आता जरा जपून. मुसळ मात्र थांबलं नाही, कांडप मधे थांबवत नाहीत. मग मी गायले:

पोरीचा हात कुणी मोडला गो बाय, हात कुणी मोडला?

 उत्तर मी गायलेच नाही. मुसळ दोनदा रिकामं पडलं. मग त्या फाटकाबाहेरच्या बाईचा आवाज आला, तीच, जिला लांबून दिसत नव्हतं. खाली मान घालून, उखळाकडे बघत ती म्हणाली, “शेठनं गो बाय, हात शेठनं मोडला.” आणि पुढच्या मुसळाला सगळ्यांनी उचलली. दोनदा उचलली. दुसऱ्यांदा कुणी हसत नव्हतं.

शेठ माझ्यापर्यंत आला, वाकला, दात आवळून म्हणाला, “काकी, माझ्या पोराच्या हळदीत?” मी म्हटलं, “तूच बोलावलंस रं. आणि हात तू मोडलास असं मी म्हटलं का? तुझ्याच मांडवातल्या बाया बोलल्या, त्यांना विचार.” मग मी नवऱ्याला आशीर्वादाचा धवला गायले, पुरा, एक ओळ न गाळता. पोराचा काय दोष. जेवायला मात्र थांबले नाही, जरी मटणाचा वास फार चांगला होता.

ते शूटिंग गावभर फिरलं. सुनेनं काही केलं नाही, त्या आयाच एकेक करून आमच्या दारात आल्या. आधी फाटकवाली आली, म्हणते, “मी लिहून देते.” मग बाकीच्या. पोलिसात गेल्या, ठाण्याला शिक्षण खात्यात गेल्या. सरावर गुन्हा लागलाय. तो खरंच एजन्सीचा आहे, आणि एजन्सीनं सांगितलं की आमचा संबंध फक्त पगाराचा. मला त्याचं तेवढं वाईट वाटलं की त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावणारं कुणी नाही, भर वैशाखात, पाण्याशिवाय. मी शिट्टी वाजवायला तयार आहे. शाळेला दाखला मागे घ्यावा लागला, पण पोर परत जायला तयार नाही. ती आता कल्याणच्या शाळेत जाते, तिथेही कबड्डी आहे, आणि ती अजून मैदानात उतरलेली नाही. ते शेठच्या खात्यात मी वेगळं मांडून ठेवलंय.

शिक्षण खात्याच्या साहेबांनी सुनावणीत शाळेला विचारलं की मुलगी तुमच्या ताब्यात होती, मग जबाबदारी कुणाची. निकाल अजून व्हायचाय. सून तळमळते. मी नाही. प्रत्येक तारखेला शेठला ठाण्याला जावं लागतं, आणि प्रत्येक तारखेला मी पण जाते. माझं तिथे काही काम नसतं.

तुझा नियम मोडला, आये. मला त्याचं काहीच वाटत नाही, आणि तिकडे भेटलीस तर पाया पडणार नाही. ही चिठ्ठी कुठे धाडायची नाही. पोर म्हणते, घडी घालून लुगड्यात ठेवू. ठेव म्हटलं.

गाव म्हणतं, डोकरी नातीसाठी लढली. पहिल्या तारखेला साहेबांची खोली माणसांनी भरलेली. शिपायानं माझे गुडघे बघितले आणि कुठूनतरी खुर्ची आणून मला बसवलं. शेठ भिंतीला उभा. साहेब नातीबद्दल काय बोलले, त्यातलं मी अक्षरसुद्धा ऐकलं नाही. मी शेठचे पाय बघत होते. कधी या पायावर, कधी त्या पायावर. निम्मं नातीसाठी होतं, आये, उरलेलं त्या फायली ठेवलेल्या खुर्चीसाठी. हे शेवटचं लिहू नको, असं तिला सांगितलं. ती ओठ दाबून हसतेय, म्हणजे लिहिलं असणार.