उद्या निघू

६ जानेवारी, सोमवार

मिळालं! आमच्याच वर्गाला मिळालं!

एका मराठी चॅनेलला विनोदी कार्टून मालिका करायचीय आणि तिचा पहिला भाग ते कॉलेजच्या मुलांकडून घेणार. दोघादोघांच्या जोड्या, चार मिनिटांचा भाग, पंधरा फेब्रुवारीपर्यंत द्यायचा. जो निवडतील तो पाडव्याला टीव्हीवर. नावासकट! सरांनी हे सांगितलं तेव्हा मी चक्क बाकावर उभी राहिले. सर म्हणाले, "धनश्री, बसून आनंद झाला तरी चालेल."

जोडीला अर्थात हर्षदा. ती पाटसला बसमध्ये चढते, यवतला मी चढेपर्यंत भांडून माझी जागा धरते. अशी मैत्रीण असल्यावर काय बिशाद आहे कुणाची!

आण्णांना सांगितलं. ते उसाला पाणी देत होते. पाण्याची दारं तशीच सोडून बांधावर आले. हे 'चित्रांचं कॉलेज' मला मिळावं म्हणून ते सगळ्या भावकीशी भांडले होते. "टीव्हीवर म्हंजी आपल्या टीव्हीवर बी दिसंल का?" म्हणाले. दिसणार आण्णा, दिसणार!

१२ जानेवारी, रविवार

हर्षदा आमच्या गावी, राहूला, घरी आली होती. गोष्ट कसली करायची यावर आमचं डोकं चालेना. तेवढ्यात साखरबाई काकी मेंढ्यांना पाला टाकून आली. आता आमच्याकडे चार मेंढ्याच उरल्यात, पण काकी लग्न होऊन आली तेव्हा घरचे सगळे दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात जायचे.

काकी म्हणाली, "जायचं बंद झालं, घरं बांधली. पर दिवाळी झाली की भागी मेंढी फाटकाशी उभी! तिच्या मागं समद्या. आन् निघायचं कुणालाच न्हाई!" मग तिने मेंढ्यांचे आवाज काढून दाखवले. "चला गं बायांनो, आवरा! — अगं पर माझं पिल्लू आत्ता कुठं झोपलंय. — बरं बरं. मंग उद्या निघू."

हर्षदा ओरडली, "हेच! हेच करायचं!" नावही तिनंच ठेवलं: उद्या निघू. आम्ही लगेच फोनवर काकीचा आवाज घेतला. हसून हसून माझ्या बरगड्या दुखतायत.

वाटणी: काकीचा आवाज झालाच. हर्षदा फाटक, रस्ता, आभाळ काढणार. मेंढ्या मी काढणार, चालवणार, आवाजाबरोबर तोंडं हलवणार. जीव माझ्याच हातात आहे सगळा!

१४ जानेवारी

संक्रांत. सणाला कोण काम करतं! उद्यापासून.

१७ जानेवारी, शुक्रवार

हर्षदाचं फाटक झालंसुद्धा. भलतीच घाई या मुलीला.

मी सध्या अभ्यास करतेय. म्हणजे कार्टून बघतेय. आई म्हणते ही दिवसभर टीव्हीपुढं लोळते, पण तिला कसं सांगू? आज मला केवढा मोठा शोध लागला! पात्र धपकन पडतं तेव्हा हसू येत नाहीच. पडायच्या आधी ते हवेत थांबतं, पापण्या मिटतं-उघडतं, आपल्याकडं बघतं. तेव्हा येतं! सगळा विनोद त्या थांबण्यात आहे. पुन्हा पुन्हा मागं नेऊन पाहिलं. काकीही शेजारी बसून बघत होती आणि दर वेळी तितकीच हसत होती.

१९ जानेवारी, रविवार

पहिली मेंढी काढली! काकीला दाखवली. तिने स्क्रीन लांब धरली, जवळ धरली.

"ही कुठली गं? कापसाचं गाठोडं!"

बरोबरच की! मी टीव्हीतली मेंढी काढली, पांढरी, गुबगुबीत, उभ्या कानांची. आमच्या मेंढ्या काळ्या. कान लोंबते, नाक बाकदार, अंगावरची लोकर कातरलेली. मेंढपाळाच्या घरात जन्मून मला मेंढी येत नाही! पण बरं झालं, अजून काहीच हलवलं नव्हतं. केवढा वेळ वाचला!

२३ जानेवारी

बसमध्ये हर्षदाने विचारलं, "तोंडं किती झाली?" मी तिला थांबण्याचा सिद्धांत सांगितला. यवतपासून हडपसरपर्यंत सांगितला. ती खिडकीबाहेर बघत होती. नंतर म्हणाली, "धना, पण तोंडं किती झाली?"

तोंडं, तोंडं. आधी कान तर जमू देत.

२८ जानेवारी

कान जमला! एकच, पण काय कान आहे!

२ फेब्रुवारी, रविवार

काकी शिरूरला माहेरच्या लग्नाला गेलीय. ती नसताना मेंढ्यांचं काम कसं करणार? काही अडलं तर विचारायचं कुणाला? नाइलाज आहे. पापण्यांसाठी इंटरनेटवरून नवीन ब्रश उतरवून घेतले. फार सुंदर आहेत. सगळे वापरून बघितले.

६ फेब्रुवारी

हर्षदा म्हणाली, "आहे तसं दे मला. राहिलेलं मी करते."

आहे तसं? मला नाही दाखवता येत अर्धवट काम, लाज वाटते. लोक म्हणतील ही पोरगी तीन वर्षं काय शिकली? "सोमवारी सगळं एकदम देते," म्हटलं. मनापासून म्हटलं. खरंच देणार आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

अफाट कल्पना सुचली!! दुसरा भाग! सकाळी यवतच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता आणि बस जागची हलेना, तेव्हाच सुचलं. भागी शेवटी निघते, रस्त्यावर येते आणि ट्रॉल्यांत अडकते! सगळ्या मेंढ्या ऊस खात बसतात. "आता पोट भरलंय, उद्या निघू!" वर्गात बसून अख्खा भाग लिहून काढला. हात थांबेना. मालिका वर्षभर चालेल इतकं आहे माझ्याकडे!

हर्षदाला वाचून दाखवणार होते. ती म्हणाली, "आज सोमवार आहे." मग दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. डोकं दुखत असेल.

११ फेब्रुवारी

आज हर्षदा माझ्या आधी राहूला पोचलेली! मी आले तर ती मेंढ्यांच्या वाड्यात काकीशेजारी बसून काहीतरी काढतेय, काकीचा आवाज पुन्हा घेतेय. काकीने तर नवीच वाक्यं घातली. किती छान जमतं दोघींचं! मी चहा केला, त्यांना दिला आणि अडथळा नको म्हणून आत येऊन कार्टून लावलं.

जाताना हर्षदा म्हणाली, "शेवटचं विचारते. तुझ्याकडचं काय आहे?" मी भागीची पापणी दाखवली. मिटते-उघडते, मिटते-उघडते. खरंच जिवंत वाटते!

"छान आहे," म्हणाली आणि चपला घातल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून बसले. आज खरंच बसले. भागी पापणी मिटते आणि अर्धं पाऊल टाकते. पुढचं झालं नाही. एवढं सुंदर अर्धं पाऊल कुणी टाकलं नसेल, पण अर्धंच. रडू आलं. दुपारी तेवढंच पाठवून हर्षदाला लिहिलं, "सॉरी, एवढंच झालं गं."

तिचं उत्तर: "मी सकाळीच दिलं."

सुटले!! देवमाणूस आहे ही पोरगी. सांभाळून घेतलं असणार काहीतरी करून.

१० मार्च, सोमवार

निवडलं! उद्या निघू निवडलं!!

सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी हर्षदाला एवढी घट्ट मिठी मारली की तिचा चष्मा वाकला. पाडव्याला सकाळी टीव्हीवर! मी तिथूनच आण्णांना फोन केला. घरी येते तोवर आण्णांनी पेढे वाटून गल्लीतल्या सगळ्यांना आमच्याकडे बघायला यायचं आमंत्रणही देऊन टाकलं होतं. भावकीतल्या त्या नाक मुरडणाऱ्यांना तर पहिलं!

हर्षदा बसमध्ये म्हणाली, "तुझ्याशी बोलायचंय." पण माझे फोनवर फोन, बसला ही गर्दी. म्हटलं, "उद्या निवांत बोलू ना!"

१९ मार्च

काकी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "धना, त्या पोरीशी बोललीस का न्हाई?"

"बोलते गं."

"कवा?"

"पाडवा होऊ दे."

"आधी बोल. माझं आईक. आधी बोल."

हिला काय झालंय? आवाज टीव्हीवर येणार म्हणून घाबरली असेल. सांगितलं तिला, घाबरू नकोस, सगळं मस्त होणार आहे. तिने भाकरी उलटली.

२९ मार्च

उद्या! झोप कसली येतेय! आण्णांनी शेजारून सतरंज्या आणून ठेवल्यात. हर्षदाला आत्ता फोन करावा असं मनात आलं. पण उशीर झालाय, तीही कामात असेल. उद्या बघून झाल्यावर एकदमच करीन.

३० मार्च, पाडवा

लागलं.

एकाही मेंढीचं तोंड दिसत नाही. सगळ्या काळ्या मेंढ्या फाटकाकडे तोंड करून उभ्या. आपल्याला दिसतात नुसत्या पाठी, हलणारे कान आणि ऐकू येतो काकीचा आवाज. माझी एकही रेघ त्यात नाही. घर हसून लोळलं. मीही हसले, इतकं ते चांगलं आहे.

मग नावं. गोष्ट आणि आवाज: साखरबाई. चित्रं आणि हालचाल: हर्षदा. पडदा काळा झाला आणि एकच ओळ आली. आभार: धनश्री.

काकी खाली सतरंजीकडे बघत होती.

आण्णा उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत. "बघा, बघा! समद्यांची नावं एका जागी, आन् माझ्या पोरीचं येगळं! एकटीचं!"