लाटांतली भिंगरी

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी, म्हणून नवी वही! आजपासून मी प्रदर्शनाच्या मोठ्या दालनाची ऑपरेटर. बारा प्रोजेक्टर मिळून चारी भिंतींवर आणि जमिनीवर समुद्र उभा करतात. लाट पायाशी अशी फुटते की एका आजोबांनी चक्क पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. कॅमेरे येणाऱ्या प्रत्येकाची छबी टिपतात; ती घटकाभर लाटांत चालते आणि विरते. इथले जुने वायरमनकाका म्हणाले, महिन्याभरात तुला घरी जमीन कोरडी दिसली की चुकल्यासारखं वाटेल.

८ तारीख, शनिवार
लेकीला घेऊन गेले. सहा वर्षांची आहे, पण एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरीच म्हणतो. लाटांमागे धावून धावून दालन डोक्यावर घेतलं. शेवटी उचलून बाहेर आणावं लागलं.

१० तारीख, सोमवार
शनिवारच्या सगळ्या छब्या विरल्या, भिंगरीची नाही. पिवळा फ्रॉक, गिरक्या चालूच. काका म्हणाले, मशीनमध्ये अडकली असेल, पुसून टाक. पुसली. पुन्हा आली. हट्टीपणात आईवर गेलीये, दुसरं काय!

११ तारीख, मंगळवार
भिंगरी घरी गप्प आहे. खाल्लं नाही. ताप नाही. डॉक्टर म्हणाले, दमली असेल.

१३ तारीख, गुरुवार
आज भिंतीवरची भिंगरी थांबली. माझ्याकडे वळली. ओठ हलले— आई.
मी घाबरून मेन स्विच खाली ओढला. लगेच नवऱ्याचा फोन. पोर खेळता खेळता कोसळली, श्वास चालत नाही. मी स्विच वर केला. तो फोनवरच होता. ओरडला, "अगं, उठली! उठली ती!"

१७ तारीख, सोमवार
घरी ती फिकट होत चाललीये. उन्हात उभी केली. सावली पडली नाही.
नवरा म्हणतो, माझ्याच डोक्यात काहीतरी शिरलंय. पण रात्रभर तिचा हात धरून बसतो.

२० तारीख, गुरुवार
साहेब म्हणाले, रविवारी प्रदर्शन गुंडाळायचं. मी पाया पडले. म्हणाले, "बाई, यंत्र आहे ते. घरी जा, झोप काढा."

२३ तारीख, रविवार
भिंगरीला इथेच आणलंय. नवऱ्याच्या मांडीवर. डोळे मिटलेले—
शिड्या लागल्या. पहिली भिंत विझली. ती दुसरीवर पळाली. दुसरी विझली—
मी शिडी धरून ठेवली. दोघा कामगारांनी मला बाजूला केलं. काका रडताहेत, पण त्यांचं ऐकतो कोण—

एकच प्रोजेक्टर उरलाय. झोतात हात धरला. ती माझ्या तळव्यावर उतरली. एवढीशी. कडेवर घे म्हणून हात वर—
डाव्या हाताने लिहितेय. नवरा म्हणतो, श्वास अजून आहे, आहे—
मेन स्विचकडे कोण चाललंय? अहो, थांबा, तिला अजून मी धर—